काळजी कोणी वाहावी?

राज्यशास्त्रावरील कोणताही मान्यवर ग्रंथ उघडून पाहावा. त्यात राजा आहे, प्रजा आहे, कायदा आहे, कर आहे, सैन्य आहे, न्यायासन आहे. परंतु ह्या सर्व थोर मंडळींस सकाळी पाणी तापवून कोणी दिले, ती आजारी पडली तेव्हा उशाशी कोण बसले आणि म्हातारपणी त्यांचे अंथरूण कोणी बदलले, ह्याचा उल्लेख सहसा सापडत नाही. ग्रंथकारांस ह्या गोष्टी ठाऊक नव्हत्या असे नव्हे. त्या राज्यशास्त्राच्या कक्षेत येतात असे त्यांस वाटले नाही, इतकेच. शतकानुशतके चालत आलेल्या ह्या मौनाची कारणे शोधण्याचे काम गेल्या चार दशकांत मुख्यत्वे अमेरिकेतील काही विदुषींनी हाती घेतले. प्रोफेसर जोन ट्रॉन्टो ह्या त्यांपैकी एक प्रमुख होत. न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजात व पुढे मिनेसोटा विद्यापीठात त्यांनी राज्यशास्त्राचे अध्यापन केले. १९९३ सालचा ‘मॉरल बाउंडरीज’ आणि २०१३ सालचा ‘केअरिंग डेमॉक्रसी’ हे त्यांचे दोन ग्रंथ ह्या विषयाच्या अभ्यासकास टाळता येण्यासारखे नाहीत. त्यांच्या विचाराची जडणघडण कशी झाली, हे वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

मुख्य मुद्दा आरंभीच सांगून टाकणे बरे. काळजी वाहणे हा स्त्रीचा स्वभावच आहे की काय, हा प्रश्न ट्रॉन्टोबाईंच्या मते गौण होय. ते काम कोणाच्या वाट्यास येते आणि त्यातून माफी कोणास मिळते, हा खरा प्रश्न. आणि तो स्वयंपाकघराचा नसून राज्यकारभाराचा आहे.

ह्या विचारात ‘केअर’ हा इंग्रजी शब्द पदोपदी येतो. त्याचे भाषांतर करावयास बसले म्हणजे ‘सेवा’, ‘शुश्रूषा’, ‘संगोपन’ असे अनेक शब्द पुढे येतात. पण सेवेत भक्ती आणि चाकरी मिसळली आहे. शुश्रूषा रुग्णापुरती, तर संगोपन बालकापुरते. आम्हांस ‘काळजी’ हाच शब्द पसंत आहे. जुन्या इंग्रजीत ‘केअर’ ह्या शब्दाचा मूळ अर्थ दुःख अथवा चिंता असाच होता. जोपासनेचा अर्थ त्यास मागाहून चिकटला. आपल्या ‘काळजी’तही हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. आईस मुलाची काळजी वाटते, आणि आई मुलाची काळजी घेते. पहिली मनाची अवस्था, दुसरे हातांचे काम. मनाची अवस्था फुकट असते. हातांच्या कामास वेळ लागतो, त्याने झोपमोड होते आणि पाठ दुखते. ज्यास केवळ काळजी वाटली त्यास काळजी घेतल्याचे श्रेय द्यावयाचे, आणि जिने प्रत्यक्ष घेतली तिचे काम हा तिचा स्वभावच समजावयाचा, ही गल्लत पुढील सर्व इतिहासाच्या मुळाशी आहे.

ह्या गल्लतीचा माग ग्रीसपर्यंत नेता येतो. ॲरिस्टॉटलने आपल्या राज्यशास्त्रविषयक ग्रंथाच्या आरंभीच गृह आणि नगरराज्य ह्यांत भेद केला. अन्नवस्त्राची आणि प्रपंचाची व्यवस्था गृहात. विचारविनिमय, न्याय आणि उत्तम जीवनाची साधना नगरराज्यात. सभेत बसावयाचे तर नागरिकास सवड हवी. परंतु ती सवड त्यास ज्यांच्या कष्टांमुळे लाभे, ती स्त्री आणि ते गुलाम मात्र नागरिक नव्हते. ज्यांच्या खांद्यावर सभा उभी, त्यांसच सभेचे दार बंद, अशी ही रचना होती. तथापि एक गोष्ट ॲरिस्टॉटलच्या पदरी टाकलीच पाहिजे. त्याने हा पाया झाकून ठेविला नाही. तो अन्याय्य आहे असे त्यास वाटले नाही, पण तो आहे हे त्याने उघड सांगितले.

पाया झाकला गेला तो अर्वाचीन काळात. ट्रॉन्टोबाईंनी ह्या संदर्भात अठराव्या शतकातील स्कॉटलंडकडे लक्ष वेधले आहे. हचेसन, ह्यूम आणि ॲडम स्मिथ ह्या स्कॉटिश विचारवंतांनी नीतीचे मूळ भावनेत शोधले. दुसऱ्याचे सुखदुःख पाहून मनुष्याच्या अंतःकरणात जी सहानुभूती उठते, तिच्यातून सदाचार जन्मास येतो, असा त्यांचा एकंदर रोख होता. स्मिथचा नैतिक भावनांवरील ग्रंथ १७५९ साली प्रसिद्ध झाला. परंतु तो काळ व्यापारविस्ताराचा होता. शेजाऱ्याशी असलेला व्यवहार मागे पडून समुद्रापलीकडील अपरिचितांशी व्यवहार सुरू झाला होता. जो डोळ्यांसमोर नाही, त्याच्याविषयी सहानुभूती किती टिकणार? ह्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर भावनावाद्यांस देता येईना, आणि अखेरीस कांटचा पक्ष सरस ठरला. नाते, गाव, काळ, आवडनिवड ह्यांपैकी कशावरही अवलंबून नसलेली शुद्ध बुद्धीची आज्ञा म्हणजे नीती, असे कांटने १७८५ साली प्रतिपादिले. मग भावनेस ठेवावयाचे कोठे? तिची रवानगी घरात झाली, आणि घर स्त्रीकडे असल्यामुळे ती स्त्रीच्या पदरात पडली. न्यायबुद्धी पुरुषाकडे आणि माया स्त्रीकडे, ही वाटणी निसर्गाने केली अशी आपली समजूत असते. ट्रॉन्टोबाई दाखवितात की, आज आपण ती ज्या रूपात ओळखतो, ते रूप तिला देण्यात ह्या शतकाचा मोठा वाटा आहे.

स्मिथच्याच बाबतीत एक गंमत सांगण्यासारखी आहे. १७७६ सालच्या आपल्या विख्यात अर्थशास्त्रीय ग्रंथात त्याने असे प्रतिपादन केले की, खाटीक आणि पाववाला ह्यांच्या परोपकारामुळे नव्हे, तर त्यांच्या स्वहितबुद्धीमुळे आपले जेवण आपल्यापुढे येते. ह्यावर कात्रीन मार्सल ह्या स्वीडिश लेखिकेने २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात साधाच प्रश्न विचारला: ते जेवण रांधले कोणी? स्मिथ आजन्म अविवाहित होता, आणि त्याची आई मार्गारेट डग्लस १७८४ साली वारली तोपर्यंत बराच काळ ती त्याच्याच घरी होती. मांस आणि पाव बाजारातून आले हे खरे. पण ते पानात कसे पडले, ह्याचा हिशेब अर्थशास्त्राच्या वहीत उतरला नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील स्त्रियांनी हीच वाटणी उलटवून तिचे शस्त्र करून पाहिले. जेन ॲडम्स ह्यांचे नाव ह्या बाबतीत आदराने घेतले पाहिजे. १८८९ साली त्यांनी व त्यांच्या स्नेही एलन गेट्स स्टार ह्यांनी शिकागोच्या गरीब वस्तीत ‘हल हाउस’ ही संस्था काढली. शहर म्हणजे विस्तारलेला प्रपंचच होय. दूध, पाणी, गटारे, शाळा ह्यांची निगा राखणे हे गृहिणीच्या कामाचेच मोठे रूप आहे. तेव्हा ज्या स्त्रीने हे काम पिढ्यानुपिढ्या केले, तिला मताधिकार नाकारून शहराची व्यवस्था नीट कशी लागणार, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो त्यांनी कृतीतही उतरविला. १८९५ साली त्या आपल्या प्रभागाच्या कचरा-निरीक्षक झाल्या, आणि पहाटे उठून कचऱ्याच्या गाड्यांच्या मागे फिरू लागल्या. १९२० साली अमेरिकेच्या राज्यघटनेत एकोणिसावी दुरुस्ती होऊन स्त्रियांस मताचा हक्क मिळाला. परंतु स्त्रीच्या हळव्या नीतीने राजकारण शुद्ध होईल, ही त्या चळवळीतील अनेकांची आशा काही फळास आली नाही.

ती का आली नाही, ह्याचे ट्रॉन्टोबाईंनी केलेले विवेचन मननीय आहे. स्त्री अधिक निर्मळ आहे म्हणून तिला राजकारणात येऊ द्या, असे म्हणताच प्रतिपक्षास म्हणता येते की, ती इतकी निर्मळ आहे तर तिला ह्या चिखलात ओढता कशाला? शिवाय त्या चित्रातील माता म्हणजे बहुधा गोऱ्या, मध्यमवर्गीय घरातील माता होती. दुसऱ्यांची मुले सांभाळून आपली मुले शेजारणीकडे ठेवणारी कृष्णवर्णीय स्त्री त्या चित्रात नव्हती. दक्षिणेकडील राज्यांत तर १९६५ सालच्या कायद्यापर्यंत तिचा मताधिकार बहुतांशी कागदावरच राहिला. स्त्रीस्वभावाच्या स्तुतीवर उभारलेले राजकारण त्या स्तुतीत न बसणाऱ्या स्त्रियांस बाहेर ठेवते, हा ह्या इतिहासाचा धडा होय.

ह्यानंतर हा वाद राज्यशास्त्रातून उठून मानसशास्त्राच्या दालनात गेला. लॉरेन्स कोलबर्ग ह्या मानसशास्त्रज्ञाने मनुष्याची नैतिक वाढ कोणत्या पायऱ्यांनी होते ह्याचा अभ्यास १९५८ सालच्या आपल्या प्रबंधापासून चालविला होता. शिक्षेच्या भीतीपासून सार्वत्रिक न्यायतत्त्वापर्यंत सहा पायऱ्या त्यांनी कल्पिल्या. परीक्षेसाठी ते मुलांस एक गोष्ट सांगत. हाइन्झ नावाच्या मनुष्याची पत्नी मरणपंथास लागली आहे. तिला वाचविणारे औषध गावातील औषधविक्रेत्याकडे आहे. त्यास ते दोनशे डॉलरांत पडते, पण तो दोन हजार मागतो. हाइन्झजवळ कसेबसे हजार जमतात. त्याने ते औषध चोरावे की चोरू नये?

कोलबर्गांचा मूळ अभ्यास केवळ मुलग्यांवर बेतलेला होता. हार्वर्ड विद्यापीठातील कॅरोल गिलिगन ह्यांच्या मनास ही गोष्ट खटकली. १९७७ साली एका निबंधात आणि १९८२ साली ‘इन अ डिफरंट व्हॉइस’ ह्या ग्रंथात त्यांनी आपले म्हणणे मांडले. त्यांनी अकरा वर्षांच्या दोन मुलांची उत्तरे शेजारी शेजारी ठेविली आहेत. जेक नावाच्या मुलाने उत्तर दिले की, मालमत्तेपेक्षा जीव मोलाचा, म्हणून चोरी करावी. गणितातील उदाहरण सोडवावे तसे त्याने ते सोडविले. ॲमी नावाची मुलगी मात्र घुटमळली. चोरी करू नये, पण पत्नीही मरता कामा नये. चोरी करून तो तुरुंगात गेला आणि ती पुन्हा आजारी पडली, तर तिच्याजवळ कोण? कर्ज काढावे, औषधवाल्याशी बसून बोलावे, काहीतरी मार्ग काढावा. कोलबर्गांच्या मोजपट्टीवर हे उत्तर जेकच्या उत्तरापेक्षा खालच्या पायरीचे ठरते. गिलिगनबाईंनी विचारले: मुलगी खुजी आहे, की मोजपट्टी आखूड आहे? ॲमीस प्रश्न कळला नाही असे नसून तिने निराळा प्रश्न ऐकला. चोरावे की न चोरावे हे तिने विचारलेच नाही. ह्या तिघांतील नाते न तोडता हिचा जीव कसा वाचेल, हे तिने विचारले.

ह्या ग्रंथाने मोठी खळबळ उडविली. १९८४ साली नेल नॉडिंग्ज ह्यांनी काळजी घेणारा आणि काळजी घेतली जाणारा ह्या दोघांतील नात्यावर संपूर्ण नीतिशास्त्र उभारून दाखविले. सारा रडिक ह्यांनी १९८० सालचा निबंध आणि १९८९ सालचा ग्रंथ ह्यांतून असे प्रतिपादिले की, मूल वाढविणे ही केवळ भावना नव्हे, ती विचार करण्याची एक शिस्त आहे. ती पुरुषासही साधण्याजोगी आहे आणि तिच्यातून शांततेचे राजकारण निघू शकते. दुसऱ्या बाजूने आक्षेपही आले. लॉरेन्स वॉकर ह्या संशोधकाने १९८४ साली उपलब्ध अभ्यासांची छाननी करून दाखविले की, कोलबर्गांच्या पायऱ्यांवर स्त्रीपुरुषांत म्हणण्यासारखा भेद बहुधा आढळतच नाही. मग तो निराळा स्वर कोणाचा?

येथे ट्रॉन्टोबाई वादात उतरतात. १९८७ साली ‘साइन्स’ ह्या नियतकालिकात त्यांचा एक लेख आला. त्यात त्यांनी असे सुचविले की, हा स्वर केवळ स्त्रियांचा मानण्याचे कारण नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य समाजांच्या नीतिविचारांतही त्याच्याशी मिळतेजुळते सूर ऐकू येतात. तेव्हा त्याचे मूळ स्त्रीच्या देहात वा स्वभावात नसून समाजातील स्थानात असावे. ज्यांच्या वाट्यास दुसऱ्यांची काळजी घेण्याचे काम आले, ती माणसे त्या कामाच्या भाषेत विचार करू लागली. आम्हांस हे एकच वाक्य सर्व वादाचे वळण बदलणारे वाटते. स्त्री निसर्गतःच मायाळू आहे असे मानले, म्हणजे तिच्या कष्टांस मोबदला देण्याचे कारण उरत नाही. नदीला वाहण्याबद्दल कोणी पगार देत नाही. पण काळजी हे जर शिकावे लागणारे, थकविणारे, वाटून घेता येणारे काम असेल, तर त्याच्या वाटपाचा जाब विचारता येतो.

ह्या कामाची व्याख्या ट्रॉन्टोबाईंनी बेरेनिस फिशर ह्यांच्यासमवेत १९९० साली केली. आपले शरीर, आपण स्वतः आणि आपला भोवताल ह्या सर्वांचे मिळून जे जग होते, ते राहण्याजोगे राहावे म्हणून त्याची राखण, निगा आणि डागडुजी करणारी प्रत्येक कृती म्हणजे काळजी, असा तिचा भावार्थ. ह्या व्याख्येत बाळाचे दुपटे बसते तसा शहराचा नळही बसतो. ह्या कृतीचे त्यांनी चार टप्पे पाडले आहेत, आणि गमतीची गोष्ट अशी की, त्यांपैकी तिहींसाठी मराठीत स्वतंत्र क्रियापदे तयार आहेत. गरज ध्यानात येणे, म्हणजे काळजी वाटणे. तिची जबाबदारी पत्करणे, म्हणजे काळजी वाहणे. प्रत्यक्ष हातांनी काम करणे, म्हणजे काळजी घेणे. चौथा टप्पा ज्याची काळजी घेतली गेली त्याचा: त्यास बरे वाटले का, त्यास हेच हवे होते का, हे त्याच्याच तोंडून ऐकणे. ह्या टप्प्यासाठी आपल्याजवळ क्रियापद नाही. देणाऱ्याच्याच क्रियेस आपण ‘घेणे’ म्हणतो, आणि ज्यास मिळते तो व्याकरणात गप्प असतो. घरोघरीच्या वृद्धांस विचारले, तर तो व्याकरणाबाहेरही पुष्कळदा गप्पच असतो असे दिसून येईल.

चार टप्प्यांस चार गुण जोडलेले आहेत: अवधान, जबाबदारी, कौशल्य आणि प्रतिसाद जाणण्याची वृत्ती. ह्यांपैकी कौशल्यास नीतीच्या यादीत बसविणे हे ट्रॉन्टोबाईंचे वैशिष्ट्य होय. शाळेसाठी पैसा न देता शिक्षणाविषयी कळवळा दाखविणारा मंत्री आपल्या हेतूच्या शुद्धतेवर सुटू शकत नाही. काम नीट झाले की नाही हेही त्यास विचारले पाहिजे. आता ह्या टप्प्यांकडे पुन्हा पाहावे. पहिले दोन टप्पे, म्हणजे चिंता व्यक्त करणे आणि व्यवस्था लावून देणे, हे समाजातील वरच्या लोकांकडे असतात आणि त्यांस प्रतिष्ठा असते. तिसरा टप्पा खाली उतरतो: स्त्रीकडे, नोकराकडे, परदेशातून आलेल्या मजुराकडे. वरच्या मनुष्यास केवळ त्या कामातून सूट मिळते असे नव्हे. आपल्यास सूट मिळाली आहे हे विसरण्याचीही सूट मिळते. ह्यास त्यांनी विशेषाधिकाराने लाभलेली बेजबाबदारी असे नाव दिले आहे. मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकांस सारामाफीच्या सनदा परिचित आहेत. सनद हाती असली की सारा चुकतो. पण सरकारची गरज काही कमी होत नाही, तेव्हा भार उरलेल्या रयतेवरच येतो. काळजीच्या कामाचे तसेच आहे. ‘केअरिंग डेमॉक्रसी’त अशा माफीचे प्रकारच मोजले आहेत: मी देशाचे रक्षण करतो, मी पैसा मिळवितो, मी माझ्या घरच्यांपुरते पाहतो, प्रत्येकाने आपापले पाहावे, मी दानधर्म करतो. प्रत्येक सबबीत थोडे तथ्य आहे. म्हणूनच ती खपते.

अमेरिकेच्या कायद्यांत ही माफी अक्षरशः लिहिलेली आढळते. १९३५ सालच्या सामाजिक सुरक्षिततेच्या कायद्याने कामगारांस वार्धक्याचे निवृत्तिवेतन दिले. परंतु शेतमजूर आणि घरकाम करणारे त्यातून वगळले. त्याच वर्षीच्या कामगार संघटनांच्या कायद्यानेही त्यांस वगळले. १९३८ सालच्या किमान वेतनाच्या कायद्याचे छत्र घरकामगारांवर १९७४ पर्यंत आले नाही. ह्या दोन्ही धंद्यांत कृष्णवर्णीयांचा भरणा मोठा होता. वगळण्याच्या हेतूंविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत, परिणामाविषयी नाहीत. आणि १९७४ साली छत्र आले तेही फाटके. वृद्ध आणि दुर्बळ माणसांस घरी राहून ‘सोबत’ देणाऱ्यांस त्या दुरुस्तीने पुन्हा वगळले.

‘सोबत’ हा शब्द किती गोड आहे, आणि त्याने किती काम बुडविले, हे एव्हलिन कोक ह्यांच्या खटल्यात दिसून आले. मूळच्या जमैकातील ह्या बाईंनी न्यूयॉर्क भागात वीस वर्षे घरोघरी जाऊन वृद्धांस व रुग्णांस न्हाऊखाऊ घालण्याचे काम केले. जादा तासांचा पगार आपल्यास मिळाला नाही, म्हणून त्यांनी दावा लावला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २००७ साली नऊही न्यायमूर्तींनी त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. कारण कायद्याच्या नियमांनी त्यांचे काम ‘सोबती’च्या सदरात घातले होते. कोकबाई २००९ साली वारल्या. २०१३ साली अमेरिकन मजूर खात्याने नवा नियम करून कंपन्यांमार्फत काम करणाऱ्या अशा स्त्रियांस किमान वेतन आणि जादा तासांचा पगार देऊ केला. तो २०१५ साली अमलात आला. न्यायमूर्ती निर्दय होते असे कोणी म्हणू नये. त्यांच्यापुढे नियमाचा अर्थ लावण्याचे काम होते. पण रात्रभर रुग्णाचे कूस बदलणारी स्त्री काम करीत नसून नुसती सोबत देत आहे, हे ज्या जगात सहज लिहिले जाते, ते जग अठराव्या शतकातील त्या वाटणीवरच उभे आहे.

ह्या विचारसरणीवर आक्षेप नाहीत असे नाही. पहिला असा की, काळजी ही जवळच्यांचीच होते; तीच नीती मानली तर परक्यास न्याय कोण देणार? नॉडिंग्जबाईंच्या मांडणीस हा आक्षेप खरोखरच बाधतो; दूरदेशीच्या उपाशी मुलाविषयीचे कर्तव्य तिच्यात नीट बसत नाही. म्हणूनच ट्रॉन्टोबाई काळजीस न्यायापासून तोडावयास तयार नाहीत. दुसरा आक्षेप अपंगांच्या चळवळीतून आला. तुमची काळजी म्हणजे आमच्यावरील सत्ता; आम्हांस दया नको, हक्क हवेत, असे त्या चळवळीतील अनेकांचे म्हणणे आहे. हा आक्षेप आम्हांस सर्वांत वजनदार वाटतो, कारण मायेच्या नावाखाली दुसऱ्याचे जीवन चालविण्याचा मोह मोठा असतो. ईव्हा किटे ह्यांनी त्यास अर्धे उत्तर दिले आहे. त्यांच्या कन्येस तीव्र बौद्धिक अपंगत्व होते. जॉन रॉल्सने १९७१ सालच्या ग्रंथात न्याय्य समाजाचा करार धडधाकट, परस्परसहकार्यास समर्थ नागरिकांमध्ये कल्पिला आहे. त्यात ह्या मुलीस जागा कोठे, आणि तिची निगा राखण्यात आयुष्य घालविणाऱ्यांस तरी कोठे, असे त्यांनी १९९९ सालच्या आपल्या ग्रंथात विचारले. परावलंबन हा अपवाद नव्हे. जन्माच्या आणि मरणाच्या दोन्ही टोकांस तो नियमच आहे. तेव्हा काळजी घेणाऱ्याचीही काळजी समाजाने घेतली पाहिजे, हा त्यांचा निष्कर्ष. उरलेले अर्धे उत्तर ट्रॉन्टोबाईंच्या चौथ्या टप्प्यात आहे: ज्याची काळजी घ्यावयाची, त्याचा शब्द अखेरचा नसला तरी पहिला असला पाहिजे.

आणखी एक शंका वाचकांच्या मनात येईल. सरकार माया कशी वाटणार? वाटू शकणार नाही, आणि ट्रॉन्टोबाई तशी मागणीही करीत नाहीत. २०१३ साली त्यांनी चार टप्प्यांस पाचवा जोडला, एकमेकांच्या जोडीने काळजी वाहण्याचा. लोकशाहीने काळजीच्या जबाबदाऱ्या वाटाव्या आणि ती वाटणी नागरिकांनी उघड्या सभेत करावी, एवढेच त्यांचे म्हणणे आहे. कामाचे तास किती असावे, पाळणाघरास पैसा कोणी द्यावा, परिचारिकेचा पगार किती असावा, हे सर्व मायेचे नव्हे तर हिशेबाचे प्रश्न आहेत. आणि हिशेब सभेत होऊ शकतो.

हा विचार अमेरिकेत जन्मला आणि तेथील इतिहासात त्याची मुळे आहेत. तो उचलून जसाच्या तसा येथे लावावा असे आम्ही म्हणत नाही. परंतु आमच्या वाचकांपैकी अनेकांची मुले आज त्याच देशात नोकऱ्या करीत आहेत. तेथे त्यांच्या तान्ह्या मुलांस सांभाळणारी बाई पुष्कळदा स्वतःची मुले तिसऱ्याच देशात ठेवून आलेली असते. आणि येथे त्यांच्या वृद्ध आईबापांजवळ दुसरी कोणी बाई रात्रपाळीस येते, तिच्या घरीही कोणी म्हातारे माणूस असतेच. परदेशातील मुलास आईची काळजी वाटते, ती खरी असते. तो पैसे पाठवून काळजी वाहतोही. तिसरा टप्पा मात्र ज्या हातांनी पार पडतो, त्यांस तो बहुधा नावानेही ओळखत नाही. ही साखळी एका घराच्या भलेपणाने नीट होणारी नाही, तशी एका घरास दोष देऊनही होणारी नाही. रात्रपाळीच्या बाईस आठवड्याची रजा मिळते का, तिच्या म्हातारपणाची तरतूद कोणी केली आहे, आणि ती येथे असताना तिच्या घरच्या म्हाताऱ्यास पाणी कोण देते, हे तीन प्रश्न विचारावयास राज्यशास्त्राची पदवी लागत नाही. ते विधिमंडळात विचारले जातील तेव्हाच काळजीचा विषय राज्यकारभारात खऱ्या अर्थाने दाखल झाला असे म्हणता येईल.